साडूनं बांधलेली फायरप्लेस

मास्तरांनी आजवर लोकांच्या घरांत सत्तरएक फायरप्लेस बांधल्या होत्या. स्वतःच्या घरात मात्र बैठकीच्या खोलीत, भिंतीवर खडूनं आखलेला एक चौकोन होता. तो आखून नऊ वर्षं झाली होती. आखला त्या दिवशी बायकोनं त्याच्यासमोर खुर्ची मांडून, पाय लांब करून बसूनही पाहिलं होतं.

दर हिवाळ्यात ती विचारायची, आणि दर हिवाळ्यात मास्तरांच्या हातात कुणाचं ना कुणाचं काम असायचं, कारण लोकांना फायरप्लेसची आठवण थंडीतच होते. "हे एवढं उरकलं की आपलीच," असं ते म्हणायचे, आणि म्हणताना खोटंही बोलत नसत. फक्त 'एवढं' कधी उरकत नसे. झाडलोटीत चौकोनाची रेघ पुसट झाली की बायकोच ती खडूनं पुन्हा गडद करायची.

यंदा तिनं खडू हातात घेतला नाही. तिनं साडूला फोन केला.

साडू म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तोही गवंडी, आणि तोही फायरप्लेसच बांधायचा. लग्नाआधी दोन वर्षं त्यानं मास्तरांच्या हाताखाली काम केलं होतं. पुढे कुठलासा कोर्स केला, सर्टिफिकेट चौकटीत बसवून दुकानात लावलं, आणि तेव्हापासून मास्तर चारचौघांत त्याचा उल्लेख 'आमचे कागदी गवंडी' असा करत.

मास्तर कामावरून परतले तेव्हा सोफ्यावर चादर घातलेली होती, जमिनीवर प्लॅस्टिक अंथरलेलं होतं आणि साडू भिंतीशी उकिडवा बसला होता. जुना चौकोन ओल्या फडक्यानं पुसून त्यानं फूटभर डावीकडे नवा आखला होता.

"चौकोन का हलवला?" मास्तरांनी विचारलं.

"वर छताची लाकडी तुळई आहे, दादा," साडू म्हणाला. "धुराडं थेट तिलाच भिडलं असतं. लाकडापासून दोन इंच तरी मोकळं सोडायला हवं ना."

मास्तरांनी वर पाहिलं. तुळई नऊ वर्षं तिथंच होती. ते हात धुवायला आत गेले.

"निदान मला विचारायचं तरी," ते आत बायकोला म्हणाले.

"नऊ वर्षं विचारतच होते की," ती म्हणाली. "आणि परका बोलावला असता तर तुम्हाला जास्त लागलं असतं. हा आपल्यातला आहे."

परका एकवेळ चालला असता, हे मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यावर त्यांनी चहा प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांची पाठ धरली. आठवडाभर तरी ओझं उचलता येणार नाही, असं त्यांचं त्यांनीच निदान केलं आणि कामावर तसं कळवून टाकलं. मग खुर्ची ओढून ते भिंतीसमोर बसले.

गिऱ्हाइकांमध्ये त्यांना सगळ्यात तिटकारा होता तो असल्याच माणसांचा. खुर्ची टाकून बसतात, वीट लावली की मान तिरकी करतात, आणि "नाही, सहज विचारतो" असं म्हणत भलतंच विचारतात. अशा माणसाला गप्प करायला मास्तरांचं एक ठेवणीतलं वाक्य होतं: "साहेब, थापी देऊ का हातात?" साडूनं ते वाक्य वापरलं नाही. मास्तरांनी "नाही, सहज विचारतो" दिवसातून आठदहा वेळा म्हटलं, आणि साडूनं दर वेळी हात थांबवून नीट उत्तर दिलं. भट्टीची वीट पांढरी का घेतली, तिच्यासाठी वेगळा मसाला का, समोरचा दगडी चौथरा एवढा पुढे का आणला. ठिणगी उडाली तर ती लाकडी फरशीवर न पडता दगडावर पडावी म्हणून, हे मास्तरांना माहीत नव्हतं थोडंच. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्यात काहीतरी खोट सापडेल अशी त्यांना आशा होती.

संध्याकाळी साडू गेला की मास्तर ओळंबा काढायचे. पाठीचं दुखणं तेवढ्यापुरतं उतरायचं. त्यांनी ओळंबा सोडला, काटकोनाला गुण्या लावला, पाणसळ आडवी धरली, उभी धरली. काम कुठंही हललेलं नव्हतं. चौथ्या दिवशी एकदाची खालून सहाव्या थरात दोन विटांमधली एक दर्ज जाड सापडली, तेव्हा त्यांनी बायकोला हाक मारून बोलावलं.

"मला तर काही दिसत नाही," ती म्हणाली.

"मला दिसते ना."

"मग तुम्ही तिकडे बघू नका."

खरी जुंपली ती फळीवरून. फायरप्लेसच्या डोक्यावर बायकोला एक लाकडी फळी हवी होती. तिच्या वडिलांच्या दुकानातल्या काउंटरची ती फळी तिनं इतकी वर्षं पलंगाखाली जपून ठेवली होती. बायकोची उंची बेताचीच. फळी खाली असली तर वरचं पुसायला स्टूल लागणार नाही, म्हणून तिनं भिंतीवर हात ठेवून जागा दाखवली.

"इतक्या खाली नको, ताई," साडू म्हणाला. "लाकूड आहे. भट्टीच्या तोंडापासून फूटभर तरी वर हवं."

इतके दिवस मास्तर अशाच एका संधीची वाट पाहत होते. "आठ इंच पुष्कळ झाले," ते खुर्चीतून म्हणाले. "उगाच पुस्तकी बाऊ करायचा."

साडूनं थापी घमेल्यात ठेवली. "दादा, फूटभर हे मी तुमच्याकडूनच शिकलो. पुस्तकात नंतर वाचलं."

बायको मास्तरांकडे वळली. "तुम्ही सांगा. भांडण बाजूला ठेवा. फळी माझ्या बाबांची आहे. किती वर लावायची?"

मास्तरांनी फळीकडे पाहिलं. वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांचे हात फिरून तिची कड गुळगुळीत झाली होती.

"बारा इंच," ते म्हणाले. "तेरा लावा."

काम पुरं झालं. धुराडं छपराच्या वर हवं तेवढं गेलं, टोकाला जाळी बसली, आतून झडप उघडमीट करून झाली. फळी आणि विषारी वायूचा अलार्म नंतर येऊन बसवतो, असं साडू म्हणाला आणि जाताना त्यानं दोघांना समोर उभं करून सांगितलं, "चार आठवडे काडीसुद्धा लावायची नाही. मसाला आतून ओला असतो. घाई केली तर तडकतो. पुढेही पहिले तीनचार जाळ लहानच करायचे."

"मला सांगता?" मास्तर म्हणाले.

"ताईंना सांगतो," साडू म्हणाला.

बाराव्या दिवशी थंडी फार वाढली. बायको दुपारी बहिणीकडे गेली होती. मास्तर फायरप्लेससमोर बसले आणि त्यांच्या मनात आलं, की धुराडं ओढतं की नाही हे बघायला कागदाचा एक बोळा पुरेल. कागद म्हणजे काही जाळ नव्हे. चार आठवडे हा नियम गिऱ्हाइकांसाठी. त्यांना कुठं थांबायचं ते कळत नाही.

त्यांनी बोळा पेटवला. धूर असा सरळ वर गेला, की जणू त्याला कुणी हाक मारली होती. मास्तरांच्या तोंडून "वा" निघून गेलं. सत्तर फायरप्लेसमध्ये असं ओढणारं धुराडं त्यांच्या हातून फार तर दोनदा झालं असेल. आणखी एकदा बघावं म्हणून त्यांनी काटक्या घातल्या. मग काटक्या वाया जाऊ नयेत म्हणून दोन ओंडके घातले. पाय लांब केले. पाठीला खरोखरच बरं वाटलं.

टक् असा आवाज आला तेव्हा त्यांचा डोळा लागत होता.

फायरप्लेसच्या तोंडाच्या उजव्या कोपऱ्यापासून केसाएवढी चीर तिरकी वर गेली होती. मास्तरांनी धडपडत जाळ मोडला, निखारे पत्र्याच्या बादलीत भरून अंगणात नेले, खिडक्या उघडल्या आणि विटा निवल्यावर मसाला कालवून चीर बुजवली. हात त्यांचा होता. बुजवलेलं सहज दिसण्यातलं नव्हतं.

बायको आली. "घर उबदार वाटतंय," ती म्हणाली.

"ऊन होतं दुपारी."

तिनं खिडकीबाहेरच्या दिवसभराच्या ढगांकडे पाहिलं आणि कोट काढून ठेवला.

आठवड्यानं साडू आला. त्यानं कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, मग बॅटरी लावून आत पाहिलं. मास्तर पाणी प्यायला उठले, पण स्वयंपाकघरापर्यंत पोचले नाहीत.

"वीट कधीकधी आपोआप तडकते, ताई," साडू म्हणाला. "मालच खराब येतो हल्ली. माझीच चूक, बघून घ्यायला हवा होता. सहा विटा काढून पुन्हा लावतो."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मास्तरांनी चार परत केल्या असत्या. आता ते बाही सारून घमेल्यापाशी जाऊन बसले आणि मसाला कालवू लागले.

"पाणी थोडं कमी, दादा," साडू म्हणाला.

मास्तरांनी पाणी कमी केलं.

पुन्हा चार आठवडे गेले. पहिला लहानसा जाळ रीतसर पेटला, तोवर थंडी ओसरली होती आणि शेजारी अर्ध्या बाह्यांत फिरत होते. फळी तेरा इंचांवर होती, अलार्म भिंतीवर गप्प होता, धूर निमूट वर जात होता. मास्तरांनी मागची खिडकी उघडली. थोड्या वेळानं दारही उघडलं. बायको मात्र खुर्ची मांडून, पाय लांब करून समोर बसली होती. तिच्या कपाळावर घाम होता.

"उकडतंय का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही."

तेही शेजारी बसले. म्हणाले, "तुझा मेहुणा माणूस चांगला आहे. तडा कशानं गेला ते त्याला कळलं होतं. पण तुझ्यासमोर बोलला नाही."

"त्याला काय कळतंय," बायको म्हणाली. "बादलीतली राख आणि कोपऱ्यातला ओला मसाला मी त्याच संध्याकाळी पाहिला. त्याला फोन करून मीच सांगितलं होतं, वीट आपोआप तडकली म्हणा, नाहीतर आमचे हे पाठ धरून पुन्हा आठ दिवस घरी बसतील."

मास्तरांनी कपाळ पुसलं आणि खुर्ची जरा मागं सरकवली.

"ती सहाव्या थरातली दर्ज जाडच आहे," ते म्हणाले.

"असू दे," बायको म्हणाली, आणि तिनं आणखी एक काटकी आत टाकली.