खरी नावे असलेली वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. माझे ऐकावे एवढी माझी योग्यता आहे की नाही, कोण जाणे. पण गप्प बसूनही आता थकले आहे.

डोंगरातल्या एका वस्तीत लोक कसे राहतात, याचा अभ्यास करणाऱ्या बाईंची मी. तिथल्या एका विणकर मावशीच्या घरी बाई दोन वर्षे राहिल्या. कोण कुणाचा मेव्हणा, कुणाचे कुणाशी पटत नाही, सारे माझ्यात उतरले. मावशीचा भाऊ थट्टेखोर. आमची जुनी भांडणे आम्ही विसरलो तर तुमच्याकडून समजून घेऊ, असे तो बाईंना म्हणायचा.

कुणाचे नाव बाहेर जाणार नाही, असा बाईंनी शब्द दिला होता. म्हणून माझ्यातली नावे खोटी. पण आपणच घोळ घालू या धास्तीने त्यांनी शेवटच्या पानावर खोट्या नावांपुढे खरी नावे लिहून ठेवली.

पुढे डोंगरात बंड झाले. मावशीचा मुलगा त्यात सामील झाला. सैन्य आले. एक मऊ बोलणारे अधिकारी बाईंना भेटले. लोक नीट कळले तर गोळ्या कमी झाडाव्या लागतील, म्हणाले. बाईंना पटले. खरे सांगते, मलाही पटले. इतके कौतुक माझे कधी झाले नव्हते. मला त्यांच्या कचेरीत देऊन जिना उतरताना बाईंना शेवटचे पान आठवले. त्या धावत वर गेल्या, तोवर नक्कल काढणाऱ्या यंत्रातून तेच पान बाहेर येत होते.

संकटात माणूस आधी मामाकडे जातो, असे माझ्यात एक वाक्य होते. मावशीच्या मुलाला शोधत सैनिक त्याच्या मामाच्या घरी गेले. भाचा सापडला नाही, म्हणून मामालाच घेऊन गेले. मावशीचा तो भाऊ परत आला नाही.

बाई मला घेऊन मावशीकडे गेल्या. मावशीने पाणी दिले. माग थांबवला नाही.

“पोरी, तू घरची म्हणून सांगितलं होतं.”

“मावशी, मला वाटलं, माणसं कमी मरतील.”

“मेली असतील कमी. आमच्याकडचा एकच गेला.”

बाईंनी शेवटचे पान फाडून चुलीत घातले. मावशीने एकदा पाहिले आणि मागावरचा धोटा पुढे सरकवला. नक्कल कुठल्या कपाटात आहे, कुणास ठाऊक.

मित्रांनो, कुणी तुम्हाला घरातले सांगितले, तर ते तुमच्या मालकीचे होत नाही. कितीही चांगल्या कामासाठी कुणी मागितले, तरी आधी सांगणाऱ्याला विचारून या. मी पडले वही, मला नाही म्हणता आले नाही. तुम्हाला येते.