हातमोजे घालून पुट्टी मळता येत नाही

जिन्यात एकच चप्पल.

भिंतीला टेकवलेली सबंध काच, खाली घडी घातलेला टॉवेल. ओरखडा नाही.

“सर्जन असणार. हात बघा किती हलका!” हे न्हावी, गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा धरून.

चौथी वाचली नाही.

पेपरात: वय तीस ते चाळीस, उच्चशिक्षित, एकलकोंडा, बहुधा माजी सैनिक.

पुट्टीच्या गोळ्यात टोचलेले सात बारीक खिळे. सहा गोलात, एक मधोमध.

आता सरळ सांगतो. मी खिडक्यांना काचा बसवतो. तो एकट्या राहणाऱ्या बायकांच्या घरात खिडकीची काच अख्खी काढून शिरतो, आणि पोलिसांचं आटोपलं की काच परत बसवायला मला बोलावतात. चार घरं झाली. आज पाचवं.

न्हाव्याच्या दुकानात रोज त्याचा नवा धंदा ठरायचा.

“सर्जन खिडकीतून कशाला येईल? त्याला लोक दारातून घेतात, वर फी देतात,” शिंपी म्हणाला.

“मग तू सांग, शहाण्या.”

“घड्याळवाला. धीर बघ ना त्याचा.”

“आपल्या घड्याळवाल्याला चष्म्याशिवाय दार दिसत नाही, खिडकी कुठली!”

माझा थोरला भाऊ खुर्चीत होता, तोंडाला फेस. तो म्हणाला, “डोकेबाज माणूस आहे तो. आपल्यासारख्या अंगठेबहाद्दराचं काम नव्हे.” सगळे हसले. मीही हसलो. मला हायसं वाटलं. का वाटलं, ते मी स्वतःला विचारलं नाही.

आमची पद्धत अशी. काच सुटी करताना निसटू नये म्हणून तिच्या मधोमध ताज्या पुट्टीचा गोळा चिकटवायचा आणि मुठीसारखा धरायचा. चौकटीतून उपटलेले खिळे त्याच गोळ्यात टोचायचे, कुणाच्या पायात जायला नकोत. सहा गोलात, एक मध्ये. एखादा कमी असला तर नुसतं बघून कळतं. हे वडिलांनी बसवलेलं. इतर कारागीर खिळे तोंडात धरतात नाहीतर खिशात टाकतात.

पोलिसांना काचेवर ठसे मिळाले नाहीत, चौकटीवर मिळाले नाहीत. गोळा खिडकीचाच भाग असेल असं समजून त्यांनी तो तिथेच ठेवला. आणि मी? पहिल्या घरी गोळा उचलला, खिळे काढले, गोळा मळला, त्याच पुट्टीने काच बसवली. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्याही. आयती मळलेली पुट्टी कोण फेकतो? खटकलंच नाही. आमच्या दुकानात खिळे असेच असतात.

चौथ्या घरी अर्धी काच बसवल्यावर हात थांबला.

मग उरलेली अर्धी बसवली.

आज सकाळी वहिनीचा फोन आला. “भावोजी, ह्यांना लवकर सोडा हं. धाकटीचा ताप उतरत नाहीये.” बरं म्हणालो.

पाचव्या घरातल्या बाई वाचल्या. गळ्याभोवती पट्टी, आवाज बसलेला. दारात उभ्या राहून त्यांनी विचारलं, “आता पक्की बसेल ना हो, भाऊ?”

गोळा खिडकीच्या कट्ट्यावर होता. त्यावर अंगठा दाबल्याची खूण, रेघान्‌रेघ दिसत होती. दहा सेकंद मळला असता तर संपलं असतं. नेहमीचंच काम. कुणी काही विचारलं नसतं.

तपासाच्या मॅडमनी माझ्यापुढे एक छापील कागद धरला. “तुम्ही कारागीर आहात. हा माणूस कसा असेल, तुमच्या अंदाजाने भरा.”

“पेपरात तर माजी सैनिक म्हणतात.”

“पेपरचं राहू द्या.”

वय. शिक्षण. व्यवसाय. कौशल्य.

माझा हात गोळ्याकडे गेला होता. मी तो मागे घेऊन पाठीशी धरला.

“मॅडम, ह्या गोळ्याला कुणी हात लावू नका.”

“का?”

“हातमोजे घालून पुट्टी मळता येत नाही. तिला हाताची ऊब लागते. त्याने ती उघड्या हाताने मळलीय.”

त्या वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. “असे गोळे आधीच्या घरांत होते?”

“होते.”

“कुठे गेले?”

“चौकटीत. मी बसवले.”

“चारही?”

“चारही.”

“खिळे असे कोण टोचतं?”

“दोघंच. एक मी.”

मॅडम माझ्याकडे बघत दोन पावलं सरकल्या, माझ्या आणि दाराच्या मधे. बाईंना त्यांनी हातानेच आत जायला सांगितलं.

“दुसरा?”

मी कागद खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, गोळ्यापासून लांब. व्यवसाय: काचकाम. शिक्षण: सहावी. कौशल्य: वडिलांकडून. नात्याला रकाना नव्हता, म्हणून समासात लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं, पण वाचता येत होतं. खाली त्याचा पत्ता घातला, आणि आत्ता तो दुकानात असेल, हेही.

एप्रिलमध्ये, पहिल्या घराच्याही आधी, चौथ्या बाईंनी खिडकीचं माप घ्यायला मला बोलावलं होतं. माझी दाढ दुखत होती, म्हणून मी दादाला पाठवलं.