काचेमागचा शहाणा

घरात त्याला सगळे शहाणा म्हणत. लहानपणी कौतुकानं म्हणत, मग वैतागून, आणि आता नुसतंच सवयीनं. ऑफिसात त्याच्या माघारी दीडशहाणा म्हणत, हेही त्याला ठाऊक होतं. चला, घरच्यापेक्षा अर्ध्यानं तरी बढती मिळाली, अशी तो स्वतःची समजूत घालायचा.

शहाणा एका औषध कंपनीत किमती ठरवायचा. पण 'ठरवतो' म्हटलेलं त्याला खपत नसे. किंमत बाजार ठरवतो, आपण फक्त बाजाराला विचारून येतो, असं त्याचं म्हणणं. आणि ते तो न्हाव्याच्या खुर्चीत, गालाला साबण लावलेला असतानाही सांगायचा. इतकी औषधं फसतात तेव्हा एखादं लागू पडतं, त्या फसलेल्यांचा खर्च कुणी भरायचा? नफाच नसेल तर प्रयोगशाळा काढायला कोण बसलंय? यातलं काही खोटं नव्हतं, त्यामुळे त्याला गप्प करणं अवघड होतं. फक्त त्याची थोरली बहीण, ताई, म्हणायची, "सगळं बाजारच करतो ना, मग तुझा पगारही त्यालाच देऊन टाक की."

बाजाराबद्दल बोलायचा अधिकार खरा ताईचा. घासाघिशीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. वस्तू उलटीपालटी करायची, नाक मुरडायचं, निम्मी किंमत सांगायची आणि सरळ उठून दाराकडे चालायला लागायचं. मागे बघायचं नाही. दुकानदार हाक मारतोच. लहानपणी शहाणा तिचं बोट धरून या मोहिमांवर जायचा, आणि हाक येईपर्यंत त्याच्या पोटात गोळा उठायचा, कारण बूट त्याचे असायचे आणि ते त्याला मनापासून आवडलेले असायचे. "तोंड वाकडं कर, मेल्या," ताई चालता चालता पुटपुटायची, "आवडलंय असं दाखवलंस तर संपलंच."

तर या शहाण्यानं कंपनीत स्वतःची एक पद्धत काढली होती. तिला सगळे 'पायरी' म्हणत, आणि तो शब्द कानावर पडला की त्याची छाती फुगायची. औषध विकायला काढण्याआधी रुग्णांच्या घरच्यांना एका भाड्याच्या जागेत बोलवायचं. कंपनीचं नाव सांगायचं नाही. समोर बसलेल्या बाई विचारणार, अमुक किंमत असेल तर घ्याल का? माणूस हो म्हणाला की एक पायरी वर. पुन्हा हो म्हणाला की आणखी एक. चेहरा पडला की थांबायचं आणि तिथून एक पायरी खाली यायचं, ती किंमत. खोलीच्या भिंतीवर मोठा आरसा होता, पण त्याच्या मागच्या खोलीतून ती नुसती काच. तिथे शहाणा आणि साहेब चहा-बिस्किटं घेऊन बसायचे. साहेबांपुढे एक माईक असायचा, मध्येच समोरच्या खोलीत काही सांगायचं झालं तर. शहाण्याच्या हाताशी बटण. ते दाबलं की बाईंच्या टेबलाखाली हिरवा दिवा लागायचा: चढवा अजून.

या बैठकांचा एक नियमही त्यानंच लिहिला होता. काचेसमोरचा माणूस कंपनीतल्या कुणाचा नातेवाईक निघाला, तर अख्खी बैठक रद्द. त्याचं असं झालं की येणाऱ्या प्रत्येकाला एक छत्री भेट मिळायची, आणि कंपनीच्या हिशोबनिसानं त्या छत्रीपायी आपली आत्या, मेहुणी आणि सासू ओळीनं पाठवली होती. 'नातं आलं की आकडा नासतो,' असं शहाण्यानं नियमाखाली मुद्दाम लिहिलं. हे वाक्य त्याला इतकं आवडलं होतं की त्यानं ते बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, दूध उतू जातंय.

त्या दिवशीचं औषध होतं हातापायांतली ताकद हळूहळू जाते त्या आजारावरचं. आजार बरा व्हायचा नाही, पण औषध घेतलं तर आहे तिथे थांबायचा. दोन माणसं होऊन गेली. तिसऱ्या नंबरला एक बाई आत आली, खुर्ची रुमालानं झटकून बसली, आणि शहाण्याचं बिस्किट चहात पडलं. ताई होती.

पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, हिला छत्रीचा सुगावा लागला. मग ताई बोलायला लागली.

"आमच्या ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे," ती म्हणाली. "गेल्या वर्षापासून बोटांतनं स्क्रू निसटायला लागला. आता शर्टाची बटणं मी लावते. डॉक्टर म्हणाले, नवं औषध येतंय, या पत्त्यावर जाऊन या."

शहाण्याला यातलं अवाक्षर माहीत नव्हतं. गेल्याच महिन्यात तो ताईकडे जेवला होता. भावोजी चमच्यानं सावकाश खात होते, आणि शहाणा त्यांना मुक्त बाजार समजावून सांगत होता.

बाईंनी पहिली किंमत सांगितली. आता बघा, शहाण्याला वाटलं. आता ही नाक मुरडणार, निम्म्यावर येणार, या लोकांना पळता भुई थोडी करणार. त्याला तेवढ्यातही अभिमान वाटला.

"घेऊ," ताई म्हणाली.

साहेबांनी कोपरानं ढोसलं. साहेब, ही माझी बहीण आहे, एवढंच वाक्य बोलायचं होतं. जन्मभर न विचारता भाषणं ठोकणाऱ्या माणसाला ते एक वाक्य सुचलं नाही. बढतीचं घाटत होतं, साहेब खुशीत होते, आणि बोट बटणावरच होतं. त्यानं बटण दाबलं.

"घेऊ."

पुन्हा दिवा. "घेऊ." ताईचा चेहरा काही पडेना. ती हसत होती, नोकरीच्या मुलाखतीला आलेला माणूस हसतो तशी. शेवटी बाईंच्या कागदावरच्या पायऱ्या संपल्या आणि त्या आरशाकडे बघायला लागल्या.

"तुम्हीच सांगा ना काय असेल ते," ताई म्हणाली. "आम्ही भाव नाही करायचो."

"सोनं आहे ही बाई," साहेब म्हणाले आणि त्यांनी क्रीमचं बिस्किट शहाण्यापुढे सरकवलं. मनातल्या मनात शिव्या देत त्यानं ते खाल्लं.

निघताना ताईला छत्री मिळाली. तिनं ती उघडली, मिटली, हलवून पाहिली. "दांडी सैल आहे. अशी असेल तर दोन द्या." बाई म्हणाल्या, एकच मिळते. ताईनं छत्री टेबलावर ठेवली आणि दाराकडे चालायला लागली. बाईंनी हाक मारली. ताई दोन छत्र्या घेऊन गेली.

संध्याकाळी तो ताईकडे गेला. वाटेत फळं घेतली, दुकानदारानं सांगितलेल्या भावानं. दाराशी दोन्ही छत्र्या टांगलेल्या होत्या. भावोजींनी दोन हातांनी धरून कप उचलला, आणि या वेळी शहाण्याला ते दिसलं.

"मला सांगितलं का नाहीस?" त्यानं विचारलं.

"काय सांगायचं? तू म्हणाला असतास, बाजार ठरवतो, मी कोण."

खरंच म्हणाला असता. हातवारे करून म्हणाला असता.

"ताई, त्या आरशामागे मी होतो. किंमत वाढवायचं बटण माझ्या हातात होतं."

ताईनं फळं पिशवीतून काढली, एकेक पुसून ठेवली. शहाण्याला वाटलं, दोन थोबाडीत मारल्या तर बरं होईल.

"आत का नाही आलास मग?" ती शेवटी म्हणाली. "मला काय माहीत बटण-बिटण. मला वाटलं, औषध थोडं असेल, माणसं निवडतायत. कमी बोलले तर दुसऱ्या कुणाला देतील."

"अगं, पण तू. तू भाव केला नाहीस. माझ्या बुटांसाठी भर दुपारी तीन गल्ल्या फिरवायचीस मला."

"बुटांच्या दुकानातनं उठून येता येतं रे. नाही मिळाले तर जुने होतेच की पायात." तिनं भावोजींच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावलं. "इथनं उठून कुठे जाऊ? ह्यांना काय जुने हात आहेत का दुसरे, तोवर वापरायला?"

भावोजी म्हणाले, "फळं महागात घेतलेली दिसतायत." ते त्याला सावरायला म्हणाले, आणि नेमकं तेव्हाच शहाण्याला रडू आलं. एवढा मोठा बाप्या, ताईच्या स्वयंपाकघरात नाक ओढत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं साहेबांना सांगून टाकलं. साहेबांनी कपाळाला हात लावला. नियम होता, बैठक रद्द झाली.

"एक लक्षात ठेव," साहेब म्हणाले, "तुझ्या भावोजींना थांबवणारं औषध जगात आहे, ते आपण पैसा ओतला म्हणून. तो परत नको मिळायला?"

"मिळायला हवा," शहाणा म्हणाला. "पण किती, हे आपण अशा माणसाला विचारतोय ज्याला नाही म्हणायची सोयच नाही."

"मग कुणाला विचारू? निरोगी माणसाला?"

शहाण्यानं रद्द बैठकीचे कागद उचलले आणि तो बाहेर आला. पुढची बैठक लागेपर्यंत तो मोठा तीर मारल्यासारखा वावरला. ताईचा आकडा आपण काढून टाकला, म्हणजे अर्धं जग वाचवलं, असा त्याचा रुबाब. बायकोनं दोनदा विचारलं, अंगात काही आलंय का.

मग नवी बैठक लागली. नवी माणसं, तोच आरसा, तीच बिस्किटं. पहिले आले ते एक म्हातारे गृहस्थ, बायकोसाठी. शर्टाला कडक इस्त्री, आणि तोंडावर तेच हसू. बाईंनी पहिली किंमत सांगितली.

"घेऊ," म्हातारे म्हणाले.

साहेबांनी कोपरानं ढोसलं. शहाण्याला एकदम आपली लाज वाटली. त्यानं बहिणीला खुर्चीतून उठवलं होतं, खुर्ची होती तिथेच होती.

"साहेब, बैठक रद्द करावी लागेल," तो म्हणाला. "ते माझे काका आहेत."

"काका?"

"सख्खे."

साहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग शेजारच्या दाराच्या फटीतून बाहेर बाकावर बसलेल्यांकडे पाहिलं. "त्या हिरव्या कपड्यातल्या बाई?"

"मावशी."

"आणि तो दाढीवाला?"

"आतेभाऊ. आमचं बोलणं नाही."

"किती नातेवाईक आहेत रे तुला?"

"रोज नवीन कळतायत, साहेब."

"उद्या तो नियमच काढून टाकतो मी. आणि तुलाही."

"काढा. आज आहे ना नियम, आज मी आहे." घराचे हप्ते, बढती, सगळं डोळ्यांपुढून गेलं. बटणावरचा हात मात्र त्यानं खिशात घातला.

तिकडे दिवा लागेना म्हणून बाई गप्प बसून राहिल्या. म्हातारे एकदा बाईंकडे, एकदा आरशाकडे बघत होते. मग ते पुढे वाकले.

"कमी सांगितलं का मी?" त्यांचा आवाज काचेमागे दोघांनीही ऐकला. "वाढवतो ना. तुम्ही बोला फक्त."

साहेबांचा हात बिस्किटाकडे जाता जाता थांबला. शहाणा उठला, दार उघडून काचेपलीकडच्या खोलीत गेला आणि म्हाताऱ्यांशेजारी उकिडवा बसला.

"काका, असं नाही करायचं," तो म्हणाला. "निम्मी किंमत सांगायची. आणि उठून दाराकडे चालायला लागायचं. मागे बघायचं नाही."

"आणि हाक नाही मारली तर?"

शहाण्याच्या पोटात तो जुना, बुटांच्या वेळचा गोळा उठला. त्यानं आरशाकडे पाहिलं. इकडून तो आरसाच होता. त्यात त्याला शहाणाच दिसला, शर्टावर बिस्किटाचा चुरा घेऊन बसलेला.

"मारतील," तो म्हणाला. "आणि नाही मारली तर त्यांना मान वर करून बघता यायचं नाही, एवढं मी करीन."

म्हाताऱ्यांनी निम्मी किंमत सांगितली. मग खुर्चीचा हात धरून ते उठले आणि दाराकडे चालायला लागले. दारापाशी पोचले, कडीवर हात ठेवला आणि थांबले. मागे त्यांनी पाहिलं नाही. खोलीत कुणी हललं नाही, बाईसुद्धा.

भिंतीवरच्या स्पीकरमध्ये खरखर झाली, आणि साहेबांनी घसा खाकरला.