निळ्या कडीवरचे आकडे

मित्रांनो, मी एक जुनी लेन्स आहे. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढी लांब, आणि मांडीवर ठेवली तर पायाला मुंग्या येतील एवढी जड. माझा काळा रंग कडांना उडाला आहे आणि पुढच्या काचेच्या काठाशी बुरशीचा एक बारीक ठिपका आहे. मला डोळा आहे, पण तोंड नाही. त्यामुळे जे सांगायला हवे होते ते मला वेळेवर सांगता आले नाही. आज सांगते.

माझा जन्म एका पांढऱ्या, निर्मळ खोलीत झाला. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या माणसांनी माझ्या काचा घासल्या, पारखल्या आणि एकामागे एक घट्ट बसवल्या. फक्त एक लहानसा गट त्यांनी तरंगता ठेवला. धरणाऱ्याचा हात हलला की हा गट उलट सरकतो आणि चित्र जागच्या जागी राहते. त्यासाठी माझ्या कुशीला एक बटण आहे. ते चालू असले की मी थरथर सावरते. या कलेचा मला फार अभिमान होता.

मी ज्यांच्याकडे आले त्या बाईंनी पस्तीस वर्षे रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला होता. निवृत्तीनंतर त्यांनी गावाबाहेरच्या तळ्यावरच्या पक्ष्यांची नोंद ठेवायचे काम घेतले. दर हिवाळ्यात तिथे एक खाटीक येई. मुठीएवढा, डोळ्यांवर काळी पट्टी ओढलेला, कुंपणाच्या ठरलेल्या खांबावर बसणारा पक्षी. त्या तळ्यावरच्या काही खाटकांच्या पायांत अभ्यासकांनी निळी कडी घातली होती आणि प्रत्येक कडीवर तीन पांढरे आकडे होते. बाईंच्या खाटकाचा क्रमांक ६४१. तो स्वच्छ वाचता येईल असा एक फोटो दरवर्षी नोंदकार्यालयाला पाठवायचा. क्रमांक वाचता आला तर पक्षी परतला. नाहीतर त्याच्या रकान्यात रेघ.

बसलेल्या पक्ष्याचा फोटो सोपा, असे लोकांना वाटते. तसे नाही. तो मान सारखी वळवतो, शेपटी वरखाली करतो, वारा त्याची पिसे उलटी करतो. बाई सूर्य पाठीशी घेत आणि पक्ष्याच्या डोळ्याच्या रेषेत येईपर्यंत सरकत. माझ्या आतली पाकळ्यांची झडप त्या पूर्ण उघडी न ठेवता थोडी मिटत, म्हणजे चोचीपासून पायापर्यंत सगळा पक्षी रेखीव येई. कॅमेऱ्याला सेकंदाचा हजारावा भाग एवढाच वेळ देत. उजेड कमी पडला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची ताकद, वाढवत. फोटो दाणेदार झाला तर चालेल, पुसट नको, हा त्यांचा नियम. फोकसचा एकच ठिपका पक्ष्याच्या डोळ्यावर टेकवायचा, अर्धा श्वास सोडायचा आणि मान वळून थबकली की लागोपाठ तीन फोटो.

तळ्याचा रखवालदार हे सगळे बघत उभा राही.

"बाई, एवढ्या वेळात मी अख्ख्या खानदानाचे फोटो काढले असते!"

"खानदानाला दात काढून उभं राहा म्हणता येतं. याला सांगून बघा तुम्ही," बाई नजर न हलवता म्हणत.

असे सहा हिवाळे गेले. सहाही वेळा क्रमांक वाचता आला. एका वर्षी कार्यालयाने आमचा फोटो 'असा हवा' म्हणून सगळ्या नोंदकर्त्यांना पाठवला, तेव्हा बाईंनी मला मऊ फडक्याने नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ पुसले.

मग बाईंचा कप बशीत वाजू लागला. डॉक्टर म्हणाले, ही थरथर वयाची आहे, वाढेल, जाणार नाही. बाईंनी तक्रार केली नाही. त्यांनी मजबूत ट्रायपॉड आणला आणि कॅमेऱ्याला हात न लावता फोटो काढता यावा म्हणून टोकाला कळ असलेली एक लांब तार आणली. आता कॅमेरा हलणारच नाही, मग घाई कशाला? त्यांनी वेळ सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत वाढवला आणि आयएसओ खाली आणला. मान वळली तरी खाटकाचे पाय खांबावर स्थिर असतात आणि आपल्याला हवी ती पायातली कडी, हा त्यांचा हिशेब बिनचूक होता.

तरीही फोटो पुसट आले. एक नाही, दोन नाही, सगळे. ६ वाचता येई, ४ ओळखू येई, शेवटचा आकडा नुसता पांढरा डाग. पुढच्या हिवाळ्यातही तेच.

मित्रांनो, चूक माझी होती. माझ्या कुशीचे बटण चालूच राहिले होते. मी थरथर शोधण्यासाठी घडवलेली. ट्रायपॉडवर ती सापडेना. मग माझा तरंगता गट उगाच इकडेतिकडे चाचपडू लागला आणि जी थरथर नव्हती ती मीच निर्माण केली. सगळ्याच लेन्सना असे होत नाही. माझ्या पिढीतल्या पुष्कळांना होते.

दोष मात्र बाईंच्या हाताला लागला.

"लिहून टाका की सहाशे एकेचाळीस," रखवालदार म्हणाला. "तोच आहे. मी ओळखतो ना त्याला."

"तुम्ही ओळखता. मला वाचता आलं पाहिजे," बाई म्हणाल्या आणि दुसऱ्या वर्षीही रेघ मारली.

कार्यालयाचे पत्र आले. भाषा गोड होती. अजून एक हिवाळा बघू, नाही जमले तर तळे दुसऱ्या कुणाला देऊ. बाईंनी ते पत्र दुमडले आणि मला कपाटात लोकरीच्या कपड्यांखाली ठेवले. तिथे ओल होती. नऊ महिने मी अंधारात पडून राहिले. बुरशी तेव्हाची.

हिवाळा संपत आला तरी बाई तळ्यावर गेल्या नाहीत. शेवटी लेकीने जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानदाराला घरी बोलावले. "आई, किती दिवस ते पुसट फोटो घेऊन बसणार आहेस? झालं ते झालं. विकून टाक आणि मोकळी हो."

दुकानदाराने मला उजेडात फिरवून पाहिले.

"हिचे फोटो पुसट येतात," बाई म्हणाल्या. "घेणाऱ्याला दोष काय म्हणून सांगाल?"

"लेन्स ठणठणीत आहे, काकू. बुरशी काठाला आहे, फोटोत दिसायची नाही. आता हातच थरथरतो म्हटल्यावर लेन्स बिचारी काय करणार?"

बाईंनी मला त्याच्या हातातून परत घेतले. मग म्हणाल्या, "हात लागलाच नव्हता."

"म्हणजे?"

"मी तार दाबत होते. माझा हात कॅमेऱ्याला लागलाच नव्हता." त्या उठल्या. "तुम्ही परवा या. दोष कळल्याशिवाय मी वस्तू विकणार नाही."

दुपारभर त्यांनी बोळाच्या टोकाला भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून त्याचे फोटो काढले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. झडप बदलली. वेळ बदलला. ट्रायपॉडचे पाय आखूड केले. अक्षरे पुसटच. आठव्या फोटोआधी त्यांनी माझ्या कुशीचे बटण बंद केले.

बारीकातले बारीक अक्षर कोरल्यासारखे उमटले.

लेकीने कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो फोटो मोठा करून पाहिला. "आई, मी दोन वर्षं तुझ्या हाताला बोल लावला गं."

"मीपण लावला," बाई म्हणाल्या. "बघायचं सोडून."

दुसऱ्या दिवसापासून दोघी मला घेऊन तळ्यावर जाऊ लागल्या. तीन सकाळी खांब रिकामा होता. खाटीक परतीच्या वाटेला लागले असतील, असे रखवालदार म्हणू लागला. चौथ्या सकाळी तो येऊन बसला. लेकीने ट्रायपॉड रोवला, बाईंनी माझे बटण बंद असल्याची दोनदा खात्री केली आणि तार दाबली.

घरी येऊन त्यांनी फोटो मोठा केला. निळी कडी, तीन आकडे, स्वच्छ. ६४७.

"एक असेल गं," लेक म्हणाली. "उजेडामुळे सातासारखा दिसत असेल."

बाईंनी तिन्ही फोटो पाहिले. "सात आहे. हा दुसरा आहे."

जुना केव्हा यायचा थांबला? या वर्षी, की मागच्या, की त्याच्या मागच्या? ते आता कुणालाच कळणार नाही. त्या दोन हिवाळ्यांत खांबावर कोण बसले होते, ते मी डोळ्याने पाहिले आणि पुसून टाकले. बाईंनी नोंदीत लिहिले: '६४७ आढळला. ६४१ या वर्षी आढळला नाही. मागील दोन वर्षे वाचता आले नाही. कारण, लेन्सचे बटण चालू राहिले. चूक नोंदकर्तीची.'

रखवालदाराला सांगितले तेव्हा त्याने टोपी काढली. "बाई, मी तर शपथेवर सांगितलं असतं."

तळे बाईंकडेच राहिले. दुकानदाराला त्यांनी निरोप पाठवला की येऊ नका. हात आता जास्त थरथरतो. स्क्रू लेक आवळते, तार बाई दाबतात.

मित्रांनो, आम्हा लेन्सना कोरड्या पेटीत ठेवा, अधूनमधून उजेड दाखवा, काच फुंकरीने नाही, मऊ ब्रशने झाडा. एवढे केलेत तर आम्ही खूप वर्षे टिकतो. पण घरातले एखादे म्हातारे माणूस आपल्या कामात चुकू लागले आणि सगळ्यांना कारण लगेच सापडले, तर घाई करू नका. एक दुपार त्याच्याजवळ बसा. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. आठव्या खेपेपर्यंत तरी बघा.