उशीच्या उंचीवरचं चित्र

"आजोबा, दोरीच्या अलीकडे या. पलंगाला हात लावायचा नाही."

पहारेकरी नवा होता. पलंग माझा, खोली माझी, भिंतीवरची चित्रंही मीच गावोगाव वणवण करून जमवलेली. पण सगळं घर संग्रहालयाला देऊन मी मागच्या खोलीत राहायला गेलो, आता हक्क कुठल्या तोंडाने सांगणार? मुकाट्याने अलीकडे आलो.

डोकं फिरलं होतं ते वेगळ्याच कारणाने. पलंगासमोरचं छोटं चित्र, काळोख्या पाण्यातली नाव, चांगलं हातभर वर गेलं होतं.

संचालक बाईंना गाठलं. माझ्या मुलीच्या वयाची, कामाला वाघ.

"काका, सगळी चित्रं एका रेषेत घेतलीत. उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर. तेवढं एकच खाली लटकत होतं."

"लटकत नव्हतं. आमच्या हिने लावून घेतलं होतं."

"लोकांना वाकावं लागायचं हो."

"वाकू देत. कंबर मोडत नाही त्याने."

त्या हसल्या. मला हसू आलं नाही. शेवटची वर्षं ही त्याच पलंगावर होती. माझ्या चित्रांबद्दल जन्मात कधी अवाक्षर काढलं नाही, फक्त हे एक म्हणाली, खाली घ्या, मला झोपून दिसू दे. मी येईल त्याला कौतुकाने सांगायचो, शेवटी हिलाही नजर आली बरं का. घरभर मीच मी, तिची म्हणून एवढी एकच खूण. तीही जाऊ द्यायची?

बाई विरघळल्या. सुताराला बोलावलं. पण जुन्या खिळ्याचं भोक लिंपून वर रंग दिलेला, नेमकी उंची कोण सांगणार? बाईंनी स्वतःच दोरी सोडली.

"आडवे व्हा काका. तिथूनच सांगा."

पलंगाच्या हिच्या बाजूला मी कधी झोपलो नव्हतो. चपला काढून उशीवर डोकं टेकलं. सुतार चित्र खाली सरकवत गेला.

"अजून थोडं. अजून. थांब."

नाव दिसेनाशी झाली होती. काळ्या पाण्यावरच्या काचेत माझ्या डोक्यामागचं दार उमटलं होतं, अगदी कडीसकट. हिला मान वळवता येत नव्हती. दारातून कोण येतंय ते कळावं, म्हणून ही उंची. आणि यायचं कोण होतं? मीच. तोही कुठल्याशा लिलावाहून, आठवडा उलटल्यावर, नवं चित्र काखोटीला मारून. ही इथे पडून माझी वाट बघायची. वेडे, एकदा तरी बोलायचंस.

"हीच का जागा?" बाईंनी विचारलं.

"हीच."

सुतार खिळा ठोकून चित्र अडकवेपर्यंत मी पडून राहिलो. काचेतलं दार उघडं होतं. त्यात कोणी नव्हतं.

उठलो तशी बाईंनी चादर हाताने सारखी केली.

"पाटीवर लिहू या ना, हे त्यांचं सगळ्यात लाडकं चित्र?"

"लिहा," मी म्हणालो आणि पायाने चपला चाचपू लागलो.