साठ किलोंचा फरक

"क्लीनर कुठाय तुमचा?" श्यामलाबाईंनी खिडकीतून मान बाहेर न काढताच विचारलं.

"मागं झोपलाय, ताई," ट्रकवाला म्हणाला.

"मग उठवा. कांद्याच्या भावात विकायचाय का त्याला?"

डोळे चोळत क्लीनर खाली उतरला, तेव्हा कुठे त्यांनी बटण दाबलं. बिबवेवाडीकडून मार्केट यार्डाला जाणाऱ्या रस्त्यावरच्या या वजनकाट्यावर बसून त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. गाडी काट्यावर चढली की ड्रायव्हर खाली, क्लीनर खाली, इंजिन बंद. मग तो कांद्याचा ट्रक असो नाहीतर देवाचा रथ असो. ट्रकवाले मागे त्यांना 'खाली उतरा बाई' म्हणत, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

संध्याकाळी काटा दुसऱ्याच्या हवाली केला की त्या घरी न जाता थेट गणपतीच्या देवळात कीर्तनाला जात. बुवांनी उत्तररंगाला हात घातला आणि तबल्यानं चाल धरली, की दिवसभर चाकांची धूळ खाल्लेलं त्यांचं मन नुसतं न्हाऊन निघे. त्यांचे यजमान रावसाहेब तिथे झांज वाजवत. गेल्या आठ दिवसांत मात्र ते देवळाकडे फिरकले नव्हते. "आज नको, तू जा," एवढंच म्हणत आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहत.

कारण असं होतं. रावसाहेब इंजिनाचे मिस्त्री. चौतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. आमोद शेठच्या गॅरेजात ते कामाला होते आणि शेठला स्पोर्ट्‌स कारचं वेड. कंपनीचं नाव परदेशी, ते उच्चारायला श्यामलाबाईंची जीभ वळत नसे. शेठकडे एकाच जातीच्या दोन गाड्या होत्या. एक कंपनीनं दिली तशी, मऊ गाद्यांची, गार हवेची, गाणी म्हणणारी. दुसरी तिचीच हलकी बहीण. मागची सीट काढलेली, गालिचे काढलेले, काचा पातळ, बॉनेट कार्बनचं, एसीसुद्धा नाही. सहा महिने खपून तिचं वजन असं उतरवलं होतं. इंजिन दोन्हींत तेच, आणि दोन्ही रावसाहेबांनी आपल्या हातानं जुळवलेली.

हिशेब मात्र अक्षताचा. खराडीतली कॉम्प्युटरची नोकरी सोडून गाड्यांच्या नादानं गॅरेजात आलेली ही इंजिनिअर पोरगी. तिच्या मते हलकी गाडी मूळ गाडीपेक्षा एकशेसत्तर किलोंनी कमी होती. मूळ गाडी उभ्या जागेवरून शंभरचा वेग गाठायला चार पॉइंट नऊ सेकंद घेई. हलकीनं ते चार पॉइंट तीनमध्ये करायला हवं होतं. चाकणच्या पुढे भाड्यानं मिळणाऱ्या धावपट्टीवर ती दहा वेळा पळवली. दहाही वेळा चार पॉइंट सात.

वजन उतरलेलं, टायर नवे, रस्ता कोरडा. मग राहिलं काय? इंजिन.

उद्या सकाळी ते उतरवून बंगळुरूच्या एका मिस्त्रीकडे उघडायला पाठवायचं, असं शेठनं ठरवलं होतं. रावसाहेबांनी चकार शब्द काढला नाही. काल जेवताना मात्र घास हातातच ठेवून ते म्हणाले, "हाताला कळेनासं झालं असेल गं आता. वय झालं."

श्यामलाबाईंना ते वाक्य सकाळपासून सोडत नव्हतं. नुसता तळवा टेकवून इंजिनाचं दुखणं सांगणारा हा माणूस. त्याच हातावरचा त्याचा विश्वास उडाला, तर मागे उरायचं काय?

साडेअकराच्या सुमारास काट्यासमोर दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या. पुढची निळी, मागची पांढरी. इतक्या बुटक्या, की खिडकीतून श्यामलाबाईंना त्यांची नुसती छपरं दिसली. निळी, म्हणजे कंपनीची मूळ गाडी, रावसाहेबांनी आणली होती. पांढरी हलकी गाडी शेठ स्वतः चालवत होते. अक्षता स्कूटरवरून मागोमाग आली.

"काकू, दोन्हींची शिक्क्याची चिठ्ठी हवीय," ती म्हणाली. "बंगळुरूवाले म्हणतात, वजन प्रूव्ह करा, मग इंजिन बघू. मी आमच्या चाकाखालच्या प्लेट्सवर मोजलंय, पण त्यांना मोठ्या काट्याचं पाहिजे."

आमोद शेठनं काच खाली केली. "काटा काकूंचा, इंजिन काकांचं. सगळा घरचाच कारभार!"

"मग दुसरीकडे जा," श्यामलाबाई म्हणाल्या. "हडपसरला आहे एक. रांग दोन तासांची. गाडी शंभरानं पळणारी असली तरी रांगेतच उभी राहील."

शेठ हसले. "नको. लावा इथंच."

रावसाहेबांनी निळी काट्यावर घेतली, इंजिन बंद केलं आणि न सांगता खाली उतरून बाजूला उभे राहिले. बायकोकडे त्यांनी पाहिलं नाही. आकडा स्थिरावला: तेराशे साठ.

मग पांढरी चढली. शेठ आतच बसून राहिले. शर्यतीचे चारपदरी पट्टे छातीवर आवळलेले, ते सोडायचे म्हणजे पाच मिनिटांचं काम. आकडा उजळला: तेराशे नव्वद.

श्यामलाबाई त्या आकड्याकडे पाहतच राहिल्या. हलकी गाडी मूळ गाडीपेक्षा तीस किलोंनी जड! या चिठ्ठीवर नुसता शिक्का मारला, की संपलं. गाडी हलकी झालीच नाही, मग इंजिनाला कोण बोल लावणार? बटण दाबायला एक बोट पुरे होतं. अक्षता तिकडे मोबाइलमध्ये डोकं घालून उभी होती. शेठ आरशात केस नीट करत होते. कोणाचंही लक्ष नव्हतं.

बुवा कालच सांगत होते, "माणूस देवापुढे हात जोडून डोळे मिटतो, पण एक डोळा किलकिला ठेवून बघतो, आपल्याला कोणी बघतंय का." सगळं देऊळ हसलं होतं. श्यामलाबाई जरा जास्तच हसल्या होत्या.

"शेठ, उतरा," त्या म्हणाल्या.

"अहो काकू, पट्टे..."

"पट्टे सोडा आणि उतरा. काट्यावर माणूस चालत नाही."

"मी शहाऐंशी किलो आहे. वजा करा की!"

"मी गाडी मोजते. तुम्ही डॉक्टरांकडे मोजून घ्या."

तेवढ्यात रावसाहेबांनी वर पाहिलं. आकड्याची पाटी त्यांनाही दिसत होती. बायको काय घालवते आहे, हेही त्यांना कळलं असावं. ते पुढे झाले, शेठच्या छातीवरचे पट्टे त्यांनीच एकेक करून सोडवले आणि हात देऊन त्यांना बाहेर काढलं.

तेराशे.

"पुन्हा लावा," अक्षता पुढे येत म्हणाली. पुन्हा लावली. तेराशे. गाडी उतरवून, काटा शून्यावर आणून तिसऱ्यांदा लावली. तेराशेच.

"फक्त साठचा फरक? काकू, काटा बरोबर आहे ना? एकशेसत्तर यायला हवेत!"

"दहा किलो इकडेतिकडे होतील. एकशेदहा नाही होणार," श्यामलाबाई म्हणाल्या. "तू एकशेसत्तर कुठून आणलेस, ते सांग आधी."

"सिम्पल आहे. कंपनीच्या पुस्तकात मूळ गाडी चौदाशे तीस. आपली मी स्वतः मोजली, बाराशे साठ. मायनस केलं."

"म्हणजे निळी तू मोजलीच नाहीस?"

"पुस्तकात दिलंय ना, काकू. ऑफिशियल फिगर आहे."

एकोणीस वर्षं जो प्रश्न त्यांच्या तोंडून आपोआप निघत आला होता, तोच निघाला. "पुस्तकातला ड्रायव्हर खाली होता की वर?"

 अक्षतानं मोबाइलवर पुस्तकाचं पान काढलं, ते बोटांनी मोठं केलं, आणखी मोठं केलं. सगळ्यात खाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. ती तिनं हळूहळू मोठ्यानं वाचली. पंचाहत्तर किलोंचा चालक आणि भरलेली टाकी धरून.

"आणि तुझी बाराशे साठ?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"टाकी रिकामी होती. आज दोन्ही भरलेल्या आहेत." तिचा आवाज पार खाली गेला. "आणि आत कोणीच नव्हतं."

मागे टोमॅटोचा टेम्पो हॉर्न वाजवू लागला. श्यामलाबाईंनी हातानंच त्याला थांबवलं. अक्षता काट्याच्या कठड्यावर बसली आणि मोबाइलवर आकडे मारू लागली. ओठ हलत होते, जप चालावा तसे. मग ती उठली ती थेट रावसाहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, साठ किलोला चार पॉइंट सातच येतं. बरोब्बर सात. तुमचं इंजिन पूर्ण देतंय. मीच चुकले."

आमोद शेठनं दोन्ही हात कमरेवर ठेवले. "शाब्बास! सहा महिने आपण एक अदृश्य ड्रायव्हर गाडीतून काढत होतो." मग त्यांनी तिथूनच बंगळुरूला फोन लावला. "इंजिन येत नाहीये. नाही हो, ते ठणठणीत आहे. हिशेबाला ताप आला होता." फोन खिशात टाकून ते रावसाहेबांकडे वळले. आवाजातली थट्टा गेली होती. "काका, माझं चुकलं. पण तुम्ही एक शब्द बोलला नाहीत!"

"मला वाटलं, शिकलेल्या पोरीचा हिशेब चुकायचा नाही," रावसाहेब म्हणाले. "माझंच काहीतरी राहिलं असेल."

त्यांनी पांढऱ्या गाडीचं बॉनेट उचललं आणि ऊन खात असलेल्या इंजिनावर तळवा टेकवला. बराच वेळ तसाच ठेवला. श्यामलाबाईंना एकदम कशाचा तरी पाझर फुटल्यासारखं झालं. त्यांनी घाईघाईनं दोन चिठ्ठ्या फाडल्या, शिक्के मारले आणि खिडकीतून पुढे केल्या.

"धरा. आणि गाड्या हलवा, टोमॅटो पिकायला लागलेत."

गाड्या कडुनिंबाखाली लागल्या. हलकीच्या दारावर लाल रंगात 'एकशेसत्तर'चा आकडा चिकटवलेला होता, उण्याच्या खुणेसकट. अक्षता त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली आणि नखांनी एकच्या आकड्याचं टोक खरवडू लागली. ते निघेना. डोळे पुसावेत की चिकटपट्टी ओढावी, असं तिचं झालं होतं.

"रंग जाईल गं पोरी," रावसाहेब म्हणाले. खिडकीपाशी येऊन त्यांनी बायकोकडे हात पसरला. "अगं, थर्मासमधलं पाणी दे जरा."

श्यामलाबाईंनी थर्मास दिला. रावसाहेबांनी खिशातलं फडकं गरम पाण्यात भिजवलं, पिळलं आणि आकड्यावर दाबून धरलं. थोड्या वेळानं एक सुटला. मग सात, अलगद, सालीसारखा. अक्षतानं शून्याला हात घातला, तसा त्यांनी तिचा हात थांबवला.

"ते राहू दे. उद्या याच्या आधी सहा लावू."

आणि शून्याची सुटू पाहणारी कड त्यांनी अंगठ्यानं दाबून पुन्हा बसवली.