फ्लेक्सची मागची बाजू

बाबारावांचा मेसेज आला तेव्हा गौरांगनं जेवणाचा डबा अर्धाच उघडला होता. बाबाराव विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी कक्षात साहाय्यक होते. ते मेसेज कधी लिहीत नसत, बोलून पाठवत, आणि बोलताना तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरलेला असे.

"एक साहेब राहून गेले गा गौरांग. वित्त समितीवाले. फोटो पाठवून राहिलो. वरच्या लायनीत घे त्याइले. खाली घेतलं तं रुसतीन."

गौरांगनं डबा बंद केला आणि स्क्रीनवरच्या फ्लेक्समधल्या वरच्या लायनीतल्या सगळ्या साहेबांना थोडं थोडं सरकवलं.

नागपूरच्या सदर भागातल्या एका गल्लीत जितेंद्रभाऊंचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं, आणि चित्रकलेची पदवी घेतल्यापासून गौरांग तिथं डिझायनर होता. शहरातल्या अर्ध्या चौकांत त्याचं काम टांगलेलं असायचं. कुणाचा वाढदिवस, कुणाची नियुक्ती, कुणाची नियुक्ती हुकल्याबद्दल पुढच्या वेळेसाठी शुभेच्छा. विद्यापीठाला तपासणी समितीला दाखवायला यशस्वी माजी विद्यार्थी हवे होते, तेव्हा बाबारावांनी अहवालात लिहून टाकलं की सदर विद्यार्थ्याची कला नागपूरच्या प्रमुख चौकांत बारा महिने प्रदर्शित असते. खोटं काहीच नव्हतं त्यात.

खरं यश एकच होतं. त्याचं एक मोठं चित्र भोपाळच्या प्रदर्शनात निवडलं गेलं होतं. ते आता परत आलं होतं आणि माजी विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या दिवशी मंचावर लावणार होते. सत्कार तिघांचा होता. नूपुरनं एक छोटी फिल्म केली होती, आणि आता ती विमानतळाजवळच्या मिहान वसाहतीतल्या एका कंपनीत लोकांच्या तक्रारी ऐकायची. ऋषी कवी होता, सध्या कोचिंग क्लासच्या जाहिराती लिहायचा. तिसरा गौरांग. त्याच्या सत्काराचा फ्लेक्स त्याच्याच दुकानात आला, कारण जितेंद्रभाऊंचा भाव सगळ्यात कमी होता.

"तुझा फोटो काढून टाक ना बे," जितेंद्रभाऊ स्क्रीनकडे पाहत म्हणाले. "जागा होते. तसंही तुले कोण ओळखते?"

"माझाच सत्कार आहे, भाऊ."

"म्हणूनच म्हणतो. घरचा माणूस ॲडजस्ट करते."

पण या एका बाबतीत गौरांगला ॲडजस्ट करायचं नव्हतं. त्याचे वडील चंपतराव सत्काराला येणार होते. कामठीत पॉवरलूमवर त्यांचा जन्म गेला होता. मशीनच्या खडखडाटानं कानही निम्मे गेले होते. मुलगा काय करतो हे त्यांना कधी नीट कळलंच नाही. भोपाळचं चित्र त्यानं मोबाईलवर दाखवलं, तर ते म्हणाले, "अंधारच दिसून राहिला." मग गेल्या आठवड्यात त्यांनी सरळ सांगितलं होतं, "शेजारच्या लहानूनं मिहानच्या गोदामात शब्द टाकला आहे तुह्यासाठी. सोमवारपासून ये म्हणते. त्याच्याआधी एकदा मले पाहू दे तू काय काढतो ते. पटलं तं राहा याच कामात. नाही तं जाय गोदामात. मी आता थकलो."

गौरांगही थकला होता. त्यानं स्वतःचा फोटो ठेवला आणि फ्लेक्सचाच साइज दुप्पट केला. बाबारावांनी तेही मंजूर केलं. मोठ्या फ्लेक्सवर अजून साहेब मावतात हे त्यांच्या लगेच लक्षात आलं, आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी ते मावूनही दाखवलं.

सत्काराच्या दिवशी गौरांग सभागृहात पोचला तेव्हा फ्लेक्स बांधून झाला होता. मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत साहेबच साहेब हसत होते. खाली कोपऱ्यात तिघं विद्यार्थी होते, एकेक खर्ऱ्याच्या पुडीएवढा.

"चित्र कुठं आहे?" त्यानं बाबारावांना विचारलं.

"लावलं ना. मागच्या भिंतीले."

"पण त्याच्यापुढं फ्लेक्स आहे."

"फ्लेक्स कोणी मोठा केला गा? मी केला?" बाबारावांनी गालातला खर्रा या बाजूचा त्या बाजूला नेला. "पुढं जागाच राहिली नाही. पण लावलं आहे. तपासणी समितीले आपण लिहून दिलं, चित्र मंचावर लावू म्हणून. दिसते असं कुठं लिहिलं?"

फ्लेक्स थोडा सरकवता येईल का, असं गौरांगनं विचारून पाहिलं. सरकवला तर डावीकडचे दोन साहेब खांबामागं जात होते. तो विषय तिथंच संपला.

चंपतराव कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. दुसऱ्या रांगेत बसून ते मंचाकडं बराच वेळ पाहत राहिले.

"हे काढलं का तू?" त्यांनी फ्लेक्सकडं बोट केलं.

"हो, म्हणजे हे पण मीच, पण बाबा, ते..."

"लय मोठं आहे," चंपतराव म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं, काळजी होती. "एवढे लोक कोण आहेत?"

गौरांग त्यांच्या कानाशी वाकून सांगणार, तेवढ्यात माईकवरून सत्कारमूर्तींना वर बोलावलं. बाबारावांनी त्याला दंडाला धरून नेलं.

वर गेल्यावर रीतीप्रमाणे आधी पाहुण्यांचे सत्कार सुरू झाले. फ्लेक्सवर जितके साहेब वाढले होते तितके खुर्च्यांवरही वाढले होते. प्रत्येकाला शाल, प्रत्येकाला नारळ, प्रत्येकाची दोन वाक्यं, आणि दोन वाक्यं म्हणून सुरू झालेलं भाषण. गौरांगनं मधेच खाली पाहिलं तर चंपतरावांची खुर्ची रिकामी होती.

गेले, त्याला वाटलं. पाहिलं आणि गेले. त्याला वाईटही नीट वाटेना, नुसतं बसावंसं वाटलं. पण सत्कारमूर्तींना खुर्च्या नव्हत्या.

विद्यार्थ्यांची पाळी आली तेव्हा शाली संपल्या. बाबाराव शांतपणे वित्त समितीच्या साहेबांजवळ गेले, "एक मिनिट, सर," म्हणाले, आणि त्यांच्या खांद्यावरची शाल काढून नूपुरच्या खांद्यावर टाकली. फोटो झाला. मग तीच शाल ऋषीला. फोटो. मग गौरांगला. नारळही तोच फिरत होता.

"गरम आहे रे अजून," नूपुर हळूच म्हणाली.

"माझ्यापर्यंत येईस्तोवर ओली झाली," गौरांग म्हणाला.

सगळं संपल्यावर तो खाली उतरला. वडिलांना शोधत दारापर्यंत गेला, चहाच्या टेबलापर्यंत गेला. तिथं ऋषी उभा होता.

"तुझे बाबा मागं गेले," तो म्हणाला. "मंचाच्या मागं. मले वाटलं बाथरूम शोधून राहिले."

गौरांग जागच्या जागी थांबला. त्याला लहानपणापासून माहीत असलेली गोष्ट आत्ता आठवली. चंपतराव कोणतंही कापड समोरून पाहून बोलत नसत. लग्नात आहेराचा टॉवेल मिळाला तरी आधी तो उलटा करत. समोरून सगळेच चांगले दिसतात, म्हणायचे, मागून दाखव.

तो फ्लेक्सच्या बाजूनं आत शिरला. मंचावरच्या दिव्यांचा उजेड फ्लेक्समधून गाळून मागं येत होता. तिथं मंडपवाल्याच्या तारा होत्या, दोऱ्या होत्या, एक मोडकी प्लास्टिकची खुर्ची होती. त्या खुर्चीवर चंपतराव बसले होते. साहेबांकडं त्यांची पाठ होती आणि समोर भिंतीवर चित्र होतं. कामठीची लूमची खोली, मशीन, खिळ्याला टांगलेली पिशवी. माणूस कोणीच नाही.

"बाबा."

त्यांना ऐकू गेलं नाही. गौरांगनं खांद्याला हात लावला.

"ही आपली खोली आहे," ते वळून न पाहता म्हणाले.

"हो."

"मी काहून नाही याच्यात?"

"तुम्ही चहा प्यायला गेले होते."

चंपतरावांनी मान हलवली. हे त्यांना पटण्यासारखं होतं. "मशीन चालू ठेवून गेलो."

"कशावरून?"

"आवाज येऊन राहिला ना," चंपतराव म्हणाले.

गौरांग त्यांच्याजवळ खाली बसला. पलीकडं खुर्च्या उचलल्या जात होत्या. थोड्या वेळानं फ्लेक्सच्या कडेतून बाबारावांचं डोकं आत आलं.

"इथं आहे का तू? ती शाल दे गा. वित्तवाले साहेब गाडीत बसून राहिले."

गौरांगनं शाल दिली. चंपतरावांनी फ्लेक्सचा कोपरा बोटांत धरून चोळला. "याचं काय करता तुम्ही?"

"गोदामात टाकतो. काहून?"

"मले द्या. मशीनीवर झाकाले कामाचं आहे."

परतीच्या शेअर ऑटोत चित्र दोघांच्या मांडीवर आडवं होतं आणि पायाशी साहेबांची गुंडाळी होती. बाकीच्या सवाऱ्या जागेवरून कुरकुर करत होत्या. कामठी अर्ध्यावर आली तेव्हा चंपतराव म्हणाले, "लहानूले फोन लाव."

"काय सांगू?"

"सोमवारी नाही येत म्हण."

गौरांगनं फोन काढला. त्यावर बाबारावांचा बोललेला मेसेज येऊन पडला होता. त्यानं तो कानाला लावला: मंचाच्या फोटोत चित्र दिसत नाही, समितीले पाठवाचा आहे, चित्र तेवढं कम्प्युटरवर फोटोत टाकून दे. तो तसाच बाजूला सारून त्यानं लहानूचा नंबर लावला.

"पुढच्या सोमवारचं विचारलं तर?" त्यानं रिंग वाजत असताना विचारलं.

चंपतरावांनी खड्डा आला तसा चित्राला हात लावून धरला. "ते पुढच्या सोमवारी पाहू," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.